वाचकांचे प्रश्न : टर्बोसाठी थांबणारी माणसे

गेल्या अंकात आम्ही सत्तरच्या दशकातील पोर्श 911 टर्बोचे पानभर छायाचित्र छापले आणि त्याखाली दोनच ओळी लिहिल्या. त्या दोन ओळींवर मुंबईतून आलेल्या पत्रांचा गठ्ठा पाहून या वेळचे सदर संपूर्णपणे याच गाडीला द्यावे असे ठरवले. कारखान्याच्या भाषेत या गाडीला 930 म्हणतात आणि पुढील उत्तरांतही सोयीसाठी तोच आकडा वापरला आहे.

प्रश्न : माझ्या दारात उभ्या असलेल्या साध्या डिझेल गाडीलाही टर्बो आहे, आमच्या वाडीत भाजी घेऊन येणाऱ्या टेम्पोलाही तो असावा. मग ज्या गाडीचे ‘टर्बो हेच वैशिष्ट्य’ असे आपण लिहिता, तिच्यासाठी जगभरचे श्रीमंत लोक एवढे का हपापलेले असतात? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि खरे सांगायचे तर आमच्या त्या ओळीतच थोडा आळस होता. टर्बो ही वस्तू 930 पेक्षा कितीतरी जुनी आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू वाया न घालवता त्याच्या झोताने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इंजिनात अधिक हवा, अधिक इंधन आणि म्हणून अधिक ताकद, अशी ही युक्ती असून स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी तिचे पेटंट 1905 साली घेतले. पुढे जहाजांच्या, विमानांच्या आणि ट्रकच्या इंजिनांत ती रुळली. प्रवासी मोटारींत मात्र ती 1962 मध्ये अमेरिकेत आली, ओल्ड्समोबील जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या दोन गाड्यांतून. यांपैकी जेटफायरमध्ये इंजिनाला ठोके बसू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे, आणि गाडीवाले ते भरायला सर्रास विसरत. घरच्या मिक्सरला तेलपाणी करायला आपण विसरतो तसेच. ती गाडी दोन वर्षांत बंद झाली. बीएमडब्ल्यूने 1973 च्या शरद ऋतूत 2002 टर्बो आणली आणि काही आठवड्यांतच अरब देशांनी तेलाची कोंडी केली, त्यामुळे तिचेही 1,672 नगांवरच आटोपले.

पोर्शची वाट वेगळी होती, कारण तिने टर्बो आधी शर्यतीच्या मैदानात पचवला. उत्तर अमेरिकेतील कॅन-ॲम शर्यतींत 1972 आणि 1973 अशी सलग दोन वर्षे तिच्या 917 जातीच्या टर्बो गाड्यांनी विजेतेपद मिळवले आणि दुसऱ्या वर्षीच्या 917/30 ची ताकद हजार अश्वशक्तीच्याही वर गेलेली होती. तेच ज्ञान 911 मध्ये उतरवून नव्या नियमांच्या शर्यतींत भाग घ्यायचा तर तशी किमान 400 गाड्यांची निर्मिती रस्त्यावरच्या ग्राहकांसाठी करणे भाग होते. तेव्हा कंपनीची सूत्रे एर्न्स्ट फूरमान यांच्या हाती होती. त्यांनी केवळ नियमापुरती सांगाडेवजा गाडी न काढता आतून चामड्याने मढवलेली, कोणीही रोज वापरावी अशी गाडी काढायचे ठरवले आणि ऑक्टोबर 1974 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली. त्याआधी ऑगस्टमध्ये, संस्थापक फर्डिनांड पोर्श यांच्या कन्या लुईझे पिएख यांना त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला अरुंद बांध्याची एक टर्बो 911 भेट देण्यात आली होती. सत्तरीच्या आजीबाईंना टर्बो भेट देणारे घराणे, एवढ्यावरूनही त्या कंपनीचा स्वभाव कळावा.

तेव्हा तिचे तीन लिटरचे, हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे इंजिन 260 अश्वशक्ती देत असे आणि वेग ताशी 250 किलोमीटरपर्यंत जाई. आज एवढे आकडे पाहून कोणी भुवया उंचावणार नाही. तिची रुंदी पाहूनही नाही : मागची चाके झाकण्यासाठी फुगवलेल्या ज्या बगलांमुळे तेव्हाचे लोक थबकले, त्या धरूनही ती 1,775 मिलिमीटर भरते, म्हणजे आपल्या रस्त्यांवर सर्वत्र दिसणाऱ्या ह्युंदाई क्रेटापेक्षा ती बारीकच आहे. तेव्हा कौतुकाचे कारण आकड्यांत शोधू नये. आपल्या दारातल्या गाडीत टर्बो आहे हे आपल्याला पत्रकावरून कळते. 930 मध्ये ते पाठीला कळते, आणि नेमके तेच संग्राहक विकत घेतात. पुढच्या पत्राच्या उत्तरात हे अधिक स्पष्ट होईल.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या गाडीला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकांना विधवा करणारी, असे नाव पडले होते असे वाचले. टर्बो लॅग, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यापासून टर्बोचा जोर येईपर्यंतचा विलंब, हा दोष आहे असे आम्हाला शिकवतात. सदोष गाडीची किंमत वाढते कशी? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आधी दोष समजून घेऊ. टर्बोने दाबून भरलेल्या हवेमुळे सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट होऊ नये म्हणून या इंजिनाचे कॉम्प्रेशनचे प्रमाण, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट आवळले जाते तो आकडा, अगदी कमी, 6.5 ला 1, ठेवलेले होते. त्याच सुमारास निघालेल्या विनाटर्बो 911 कॅरेरा आरएसमध्ये ते 8.5 होते. याचा अर्थ असा की टर्बो जागा होईपर्यंत ही गाडी तिच्या साध्या भावंडापेक्षाही मंद वाटते. आता टर्बो जागा होण्यासाठी एक्झॉस्टचा झोत हवा, झोतासाठी इंजिनाचे फेरे हवेत, आणि त्या काळचे के.के.के. कंपनीचे ते एकच, बऱ्यापैकी मोठे आणि जड चक्र गती घ्यायला वेळ लावणारच. त्यात गियर चारच, त्यामुळे एका गियरातून दुसऱ्यात जाताना फेरे खूप खाली येत आणि ही वाट पाहणे पुन्हा सुरू होई. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या पुढे मात्र 0.8 बारचा जादा दाब जवळजवळ एकदम येतो. त्या धक्क्याचे वर्णन करायचे तर चर्चगेटच्या गाडीत दाराशी उभे असताना मागून सारी गर्दी एकदम रेटावी तसा तो असतो, फरक एवढाच की इथे रेटा थांबत नाही.

सरळ रस्त्यावर यात मौजच आहे. वळणावर मात्र हिशेब बदलतो. इंजिन मागच्या आसाच्याही मागे लोंबते, म्हणजे गाडीचे बहुतेक वजन शेपटीत. नवखा चालक वळणात शिरतो, ॲक्सिलरेटर दाबतो, काहीच होत नाही म्हणून आणखी दाबतो, आणि दाबाची लाट नेमकी वळणाच्या मध्यावर येऊन मागच्या चाकांची पकड सोडवते. तो घाबरून पाय उचलतो. पाय उचलताच वजन पुढच्या चाकांकडे सरकते, मागची बाजू आणखी हलकी होते आणि सगळी शेपटी बाहेर फेकली जाते. म्हणजे दोन्ही चुका स्वाभाविक, आणि दोन्हींची शिक्षा तीच. यावर उपाय एकच होता, तो म्हणजे वळणाआधीच वेग आवरून घेणे आणि दाब केव्हा येईल याचा अंदाज एक श्वास आधी बांधून पाय ठेवणे. सतारीची मींड जशी कानाआधी बोटाला ठाऊक असावी लागते तसे हे आहे, असे आमचे एक ज्येष्ठ स्नेही म्हणत, आणि ते सतार आणि मोटार दोन्ही वाईट चालवत.

हा दोष अभियंत्यांनी पुढे पद्धतशीरपणे काढून टाकला. पोर्शच्याच 959 मध्ये दोन टर्बो पाठोपाठ कामाला लागतील अशी योजना आली. 1995 च्या 993 टर्बोला दोन लहान टर्बो आणि चारही चाकांना ताकद मिळाली. आजच्या गाड्यांत तर संगणक सगळे सांभाळून घेतो. त्या गाड्या निर्विवादपणे अधिक चांगल्या आहेत. पण चांगली गाडी कोणालाही पुन्हा बनवता येते आणि हा विशिष्ट दोष असलेली गाडी आता कोणीच बनवणार नाही, कायदाही बनवू देणार नाही. संग्राहकाला जी दुर्मीळता हवी असते ती नुसत्या नगांच्या संख्येत नसते. 930 चे सर्व मिळून वीस हजारांहून अधिक नग निघाले, म्हणजे संख्येने ती काही फार दुर्मीळ नव्हे. फेरारी एफ40 चे अवघे तेराशेच्या आसपास नग आहेत आणि तिच्याही दोन टर्बोंचा असाच धक्का प्रसिद्ध आहे, म्हणून तिची किंमत दोन्ही कारणांनी वर गेली. 930 मात्र मुख्यतः स्वभावावर विकली जाते. आपल्या प्राध्यापकांनी शिकवले ते बरोबरच आहे, परीक्षेत लॅगला दोषच लिहावे.

प्रश्न : माझे यजमान दुबईत नोकरीला आहेत. त्यांना तेथे दोन गाड्या दाखवण्यात आल्या. पहिली 1979 ची, पूर्ण नव्याने रंगवलेली, इंधनाची यंत्रणा इलेक्ट्रॉनिक केलेली, टर्बो मोठा बसवलेला आणि पाच गियरची. दुसरी 1977 ची, रंग उडालेला, सीटचे चामडे फाटलेले, पण सगळे कागद जागच्या जागी. किमती जवळजवळ सारख्या आहेत. यजमानांचे मन पहिलीवर बसले आहे आणि मला ती पाहून लग्नाच्या हॉलमधल्या खुर्चीसारखी वाटते. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : आपली नजर तीक्ष्ण आहे, यजमानांनी ती उसनी घ्यावी.

थोडा तपशील देतो. पहिल्या तीन वर्षांत, म्हणजे 1975 ते 1977 या काळात, तीन लिटरच्या गाड्या निघाल्या आणि त्यांची संख्या तीन हजारांच्या आतच राहिली. 1978 च्या मॉडेलपासून इंजिन 3.3 लिटरचे झाले, दाबलेली हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी थंड करणारा इंटरकूलर आला, ताकद 300 अश्वशक्ती झाली आणि 917 या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले ब्रेक बसले. चालवायला 3.3 अधिक आश्वासक आहे यात शंका नाही. पण तीन लिटरची गाडी वजनाने हलकी, तिची शेपटी अधिक सडपातळ आणि ती मूळची, म्हणून संग्राहक तिच्यामागे धावतात. कारखान्याने पाच गियर दिले ते फक्त शेवटच्या, 1989 च्या गाड्यांना, म्हणून त्या एका वर्षालाही वेगळा मान आहे. यावरून आपल्या लक्षात येईल की 1979 च्या गाडीत पाच गियर असतील तर ते नंतर कोणीतरी बसवलेले आहेत.

पहिल्या गाडीत ज्या ज्या सुधारणा सांगितल्या आहेत, त्यांतील प्रत्येकीने लॅग कमी किंवा वेगळा केला असणार, आणि म्हणून त्या गाडीत 930 असण्याचे कारणच उरले नाही. बॉशची के-जेट्रॉनिक ही मूळ इंधन यंत्रणा संपूर्ण यांत्रिक आहे, तिच्या लहरी सांभाळणारे कारागीर कमी होत चालले आहेत, हे खरे. तरीही ती काढून टाकलेली गाडी संग्राहकाच्या लेखी नक्कल आणि अस्सल यांच्या मधेच कुठेतरी अडकते. मूळ भाग डब्यात भरून सोबत मिळत असतील तर गोष्ट वेगळी, कारण ते परत बसवता येतात. तसे नसेल तर पुढे विकताना किमतीत घासाघीस अटळ आहे.

दुसऱ्या गाडीबाबत तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. चॅसिसचा क्रमांक 930 ने सुरू व्हायला हवा आणि त्याच्या पुढील अंकात वर्ष दिसते. 1977 च्या गाडीत तो 930 770 असा सुरू होतो. इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतो का हे कंपनीकडे विचारून पाहावे. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती मुळात टर्बोच आहे ना. कारण साध्या 911 ला रुंद बगला आणि मोठी शेपटी लावून टर्बो म्हणून खपवण्याचा धंदा जुना आहे, आणि 1984 पासून तर कारखाना स्वतःच कॅरेरा या विनाटर्बो 911 ला टर्बोचे रूप देऊन विकत असे. ती फसवणूक नव्हती, पण आज जाहिरातीतला ‘रूप’ हा शब्द गाळला की होते. उडालेल्या रंगाची काळजी करू नये. मूळ रंग एकदाच असतो, आणि फाटलेले चामडे शिवणारा कारागीर मुंबईत कोणत्याही उपनगरात मिळेल.

प्रश्न : अशी गाडी मुंबईत आणली तर तिला नंबर कसा मिळतो? (एक वाचक, वसई)

उत्तर : आयात आणि नोंदणी या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. वापरलेली गाडी आणण्यावर विदेश व्यापार धोरणाच्या अटी असतात, त्या बदलतात, आणि गाडी न्हावा शेव्याला उतरल्यावर त्या वाचणे महागात पडते. म्हणून ती जहाजावर चढण्याआधीच कस्टम हाऊस एजंटकडून त्या तारखेला लागू असलेली अट लेखी घ्यावी. नोंदणीपुरते बोलायचे तर 2021 साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटून गेलेली आणि चॅसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली बिगरव्यावसायिक गाडी त्यांत बसते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकाच्या मधोमध ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोज कचेरीत न्यायला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे 1975 च्या पहिल्या 930 आता कुठे या व्याख्येत शिरू लागल्या आहेत आणि पार्ल्याच्या वाचकांनी विचारलेली 1977 ची गाडी 2027 मध्ये शिरेल. कायद्याने मूळपणाचीच अट घातली आहे हे मात्र ध्यानात घ्यावे. बदल केलेली 1979 ची ती चकचकीत गाडी 50 वर्षांची झाल्यावरही या दारात अडखळेल.

प्रश्न : मागची ती शेपटी एवढी मोठी कशाला? (एक वाचक, ठाणे, वय अकरा)

उत्तर : वेग वाढला की हवा गाडीची मागची बाजू उचलू पाहते, ती शेपटी तिला खाली दाबून धरते. नंतरच्या गाड्यांत तिच्या पोटात इंटरकूलरही बसवला, म्हणून ती आणखी जाड झाली. कडेला रबर आहे ते कोणाला लागू नये म्हणून.

प्रश्न : वरळीत समुद्रासमोर राहतो. माझ्याकडे अशी एक गाडी आहे, कोणत्या वर्षाची ते सांगत नाही. पावसाळ्यात ती गाडी कशी जपावी आणि एरवी किती चालवावी, याचे सरळ मार्गदर्शन हवे आहे. (एक वाचक, वरळी)

उत्तर : आपल्या शेजारची हवा हीच आपली मुख्य शत्रू आहे. 1976 च्या मॉडेलपासून पोर्शने 911 चा सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा केला, त्यामुळे गंजाची भीती त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा कमी आहे, पण नाहीशी झालेली नाही. जुन्या अपघातानंतर जिथे पत्रा बदलला गेला तिथे तो मुलामा नसतो, आणि खारा वारा नेमकी तीच जागा शोधून काढतो. प्लॅस्टिकचे हवाबंद आवरण मुळीच घालू नये, आत घाम धरतो. सुती आवरण आणि शक्य असल्यास बंद गाळ्यात हवा कोरडी करणारे यंत्र, एवढे पुरते. तळमजल्याखालच्या पार्किंगमध्ये पाणी शिरण्याचा इतिहास असेल तर जूनच्या आधी गाडी उंचावर हलवावी. यांत्रिक लिफ्टच्या पार्किंगमध्ये ठेवायची असल्यास रुंदीची चिंता नाही, मात्र पुढचा ओठ खाली असतो, तो फळीला घासणार नाही हे पाहावे.

इंधनाबाबत अधिक दक्ष राहावे. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली वाफ शोषून घेते, आणि मुंबईच्या हवेत ती कधी कमी नसते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी साचते, जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात आणि के-जेट्रॉनिकच्या नाजूक वितरकाचा दांडा अडकतो. मुंबईत काही पंपांवर 100 ऑक्टेनचे पेट्रोल मिळते, ते घ्यावे, पण त्यातही इथेनॉल आहे की नाही हे पंपावर विचारून घ्यावे. नळ्या मात्र इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्या बदलून घ्याव्यात आणि काढलेल्या जुन्या नळ्या पिशवीत घालून जपाव्यात. हा सल्ला विनोदी वाटेल, तरी पुढचा खरेदीदार त्यांचे आभार मानील.

चालवण्याचे म्हणाल तर पंधरवड्यातून एकदा, पण नीट तापेपर्यंत. रविवारी पहाटे सागरी किनारा मार्ग मोकळा असतो. तिथे सरळ भागात ताशी 80 आणि बोगद्यात 60 ची मर्यादा आहे, म्हणजे तिच्या टर्बोला जेमतेम जाग येईल, आणि एवढ्यावर समाधान मानणे हीच या शहरातली तिची अट आहे. सकाळी दहा वाजता पश्चिम द्रुतगती महामार्गावर तिला नेऊ नये. तिला पाण्याचा रेडिएटर नाही. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो आणि तेल थंड करणारी जाळी पुढच्या बगलेत असते, त्यामुळे कोंडीत उभे राहिले की दोन्हींचे काम मंदावते आणि तेलाचा काटा चढत जातो. तेलाची पातळी मोजायची ती इंजिन गरम आणि चालू असताना, गाडी सपाट जमिनीवर ठेवून. बंद इंजिनात काडी घालून पाहणारे लोक दरवेळी जादा तेल ओततात. आणि घरी परतल्यावर किल्ली लगेच फिरवू नये. टर्बोचे चक्र तप्त असते, ते ज्या तेलावर तरंगत फिरते त्याचा प्रवाह इंजिन थांबताच थांबतो आणि आत अडकलेले तेल जळून कोळसा होते. इमारतीच्या फाटकापासून सावकाश येऊन दोन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवावे. सोसायटीचे चिटणीस आवाजाबद्दल तक्रार करतील, त्यांना एकदा फिरवून आणावे.

प्रश्न : मी लालबागचा निवृत्त मेकॅनिक आहे. ऐंशीच्या दशकात एका परदेशी अधिकाऱ्याच्या 930 चा टर्बो मी बदलला होता. काढलेला जुना टर्बो आणि गाडीचा मूळ हत्यारांचा संच साहेब जाताना मला देऊन गेले. दोन्ही माळ्यावर आहेत. घरचे म्हणतात कुर्ल्याला भंगारात देऊन टाका. याला काही मोल आहे का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : कुर्ल्याला मुळीच देऊ नये. मूळ भागांशिवाय गाडी अपुरी राहते आणि कुठेतरी कोणीतरी नेमक्या याच दोन वस्तू शोधत असण्याची शक्यता मोठी आहे. हत्यारांचा संच पूर्ण आहे का ते पाहावे. एखादा पाना कमी असेल तर बाजारातला घालून संख्या भरू नये, जसा आहे तसाच ठेवावा. टर्बोच्या कवचावर निर्मात्याची पट्टी असेल, तिच्यावरच्या अंकांचे स्वच्छ उजेडात छायाचित्र काढावे आणि आपण तो कोणत्या वर्षी, कोणत्या कारणाने काढला हे आपल्याच हस्ताक्षरात एका कागदावर लिहून ठेवावे; त्या कागदाने वस्तूची किंमत वाढते. जुन्या मोटारींच्या क्लबांतील मंडळी हिवाळ्यात हॉर्निमन सर्कलच्या रॅलीला जमतात, तिथे छायाचित्र घेऊन जावे, टर्बो घेऊन नव्हे.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. लोखंडावरचा तपकिरी थर तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करू नये, कोरड्या फडक्याने धूळ तेवढी पुसावी. आणि हाताची जुनी सवय म्हणून कॉम्प्रेसरच्या हवेने चक्र फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. आत तेल नाही. चाळीस वर्षे निजलेले ते बेअरिंग कोरडेच घरघरेल आणि घासून जाईल. चक्र फिरते का एवढेच पाहायचे असेल तर दोन बोटांनी, अगदी हळू, अर्धा फेरा फिरवावे आणि दोन्ही तोंडे सुती कापडाने बांधून ठेवावीत.